आवाजाच्या उंबऱ्यावर कुंकू

ती पेटी सोळा वर्षं माझ्या घरात होती, माळ्यावर, गोणपाटात शिवलेली. बायकोनं एकदा विचारलं, आत काय आहे, तर मी म्हणालो, शाळेचं प्रयोगाचं जुनं सामान. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी मुळातच कमी बोलतो असं सगळे धरून चालले आणि मीही ते चालू दिलं. एक गोष्ट लपवायची असली की तिच्या आजूबाजूच्या दहा गोष्टी जपून बोलाव्या लागतात. तसं करता करता माणूस खरोखरच कमी बोलणारा होतो.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. लग्न व्हायचं होतं. नांदुऱ्याला माझे मामा राहत. त्यांचा कापसातून सरकी काढायचा, जिनिंगचा कारखाना होता आणि त्याच्या अंगाला सरकी साठवायचं एक लांबलचक गोदाम. त्या गोदामाचं टॉकीज करायचं त्यांच्या मनानं घेतलं. मामांच्या मनानं एकदा घेतलं की त्यात दुसऱ्या कुणाच्या मनाला जागा उरत नसे. पडदा आला, बाकडी आली, अकोल्याहून सिनेमाचं यंत्र आलं, आवाज मोठा करायची मशीन आली. एक वस्तू तेवढी राहिली. यादीत तिचं नाव होतं प्रीअॅम्प्लिफायर.

“ही पिरी काय भानगड हाये बे?” मामांनी मला विचारलं. “मोठी मशीन तं आली. मंग ही लहान कायले पाह्यजे?”

मलाही माहीत नव्हतं. पण विज्ञानाच्या मास्तरला माहीत नाही असं म्हणायची सोय नसते. मी म्हणालो, मिस्त्रीला विचारू.

मिस्त्री म्हणजे रोहिणखेडचा एक मुसलमान कारागीर. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं हातभर दुकान होतं. रेडिओ, विजेरी, स्टो, जे बिघडेल ते तो दुरुस्त करी. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बोटं लांब आणि फार सावकाश. मामांचा प्रश्न ऐकून तो हसला नाही. त्यानं यंत्रातून फिल्मचा एक तुकडा काढला आणि उजेडाला धरला.

“हे पाह्य मास्तर. चित्राच्या कडेले ही पट्टी दिसते? नागमोडी?”

चित्रांच्या बाजूनं खरंच एक बारीक पांढरी पट्टी होती, कडा दातेरी, जशी काही उंदरानं कुरतडलेली.

“हाच आवाज हाये. दिव्याचा उजेड हिच्यातून जाते अन् पल्याडच्या काचेच्या नळीवर पडते. मंग उजेडाची वीज होते. पण किती? मुंगीनं फुंकर मारली तर जेवढा वारा होईन तेवढी. ती तशीच मोठ्या मशीनीत सोडली तं मशीन फकस्त गरजते, बोलत नाही. म्हणून आंधी ही लहान पेटी. तबकडीचा आवाज असो का फिल्मचा, आंधी इथं येते, पाय पुसते, मंग आत जाते. ही देहलीज हाये, मास्तर.”

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. सात वर्षं मी मुलांना शिकवत आलो होतो की प्रकाश वेगळा आणि ध्वनी वेगळा. इथे उजेडाचा आवाज होत होता. एखाद्या बाईचं रडणं कुणीतरी फिल्मच्या कडेला कोरून ठेवलं होतं आणि उजेड त्यावरून गेला की ती पुन्हा रडणार होती. माझ्या अंगावर काटा आला.

मामांना एवढंच कळलं की पिरीशिवाय चालत नाही. “अकोल्याच्या दुकानदाराची हाये एक,” ते म्हणाले. “हिरवा रंग, समोर हिरवा दिवा, एकदम भारी.”

“मालक,” मिस्त्री हळूच म्हणाला, “मी बनवून पाह्यतो. पसंत नाही पडली तं परत नेतो.”

मामांनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “तू बनवशीन? स्टो बनवल्यावानी?”

“स्टोपेक्षा जरा बारीक काम हाये,” मिस्त्री म्हणाला. मामा खो खो हसले आणि त्या हसण्यातच त्यांनी होकार दिला. ठरलं असं की दोन्ही पेट्या ऐकायच्या, एकच तबकडी आणि एकच रीळ लावून. जी पसंत पडेल ती बसवायची, आणि ज्याची पेटी त्याच्याकडे टॉकीजच्या आवाजाचं सगळं काम कायमचं. निवड मी करायची. मी भजनात पेटी वाजवायचो आणि सूर सरकला तर मला जेवण गोड लागत नसे, म्हणून गावात म्हणत, मास्तरचा कान सोन्याचा आहे. मला ते फार आवडायचं. इथं ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मिस्त्रीनं महिनाभर दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवली. मी शनिवारी शाळा सुटली की बसनं नांदुऱ्याला जायचो आणि त्याच्या दुकानात बसायचो. सागाच्या फळ्यांची पेटी, आत अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर काचेच्या चार नळ्या. तो एकेक तार लावायचा, डोळे मिटून कान लावायचा, पुन्हा काढायचा. “घूं येऊन राह्यली,” म्हणायचा. मला काही ऐकू यायचं नाही. सोन्याच्या कानाला! पण हे मी त्याला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी त्यानं पेटी गोदामात आणली. दुपार होती. दारं लावून अंधार केला. मामा, मी आणि मिस्त्री, तिघंच. अकोल्याची हिरवी पेटी आधीच येऊन पडली होती. आधी ती लावली.

चांगली होती, खोटं कशाला बोलू. गोदाम भरून गेलं. मामांनी मांडीवर थाप मारली. “भारी!”

मग मिस्त्रीनं आपली पेटी लावली. झाकण उघडंच ठेवलं होतं, नळ्यांना वारा लागावा म्हणून. तबकडीवर सुई ठेवली आणि काहीच आलं नाही. मामा म्हणाले, “बंद पडली का?” मिस्त्रीनं बोट वर केलं. आणि त्या शांततेत, गाण्याच्या आधी, गाणारीनं श्वास घेतला.

ती तबकडी मी शंभर वेळा ऐकली असेन. तो श्वास मी कधी ऐकला नव्हता. ती बाई आमच्या गोदामात, सरकीच्या वासात, चार हातांवर उभी होती. ती आता गाणार होती आणि तिला थोडी भीती वाटत होती, एवढं सगळं त्या श्वासात होतं.

नंतर रीळ. वितरकानं टाकून दिलेलं जुनं, तुटकं रीळ, तपासणीपुरतं. त्यात एक बाई पाण्याची घागर घेऊन रिकाम्या घरात येते, घागर खाली ठेवते आणि बसते. गाणं नाही, बोलणं नाही. हिरव्या पेटीत तिथे नुसती घुरघुर होती. मिस्त्रीच्या पेटीत घागर जमिनीला टेकली आणि आतलं पाणी हिंदकळलं. एकदा, दोनदा, मग अगदी हळू, आणि थांबलं.

  मामा उठले, पडद्याजवळ गेले आणि खाली वाकून बघायला लागले.

“मालक, तथी पानी नाही,” मिस्त्री म्हणाला.

“माहीत हाये बे मले,” मामा खेकसले, पण वाकूनच.

निवड झालीच होती. पण मामांना चार लोकांसमोर झालेली निवड हवी होती. दसऱ्याला कारखान्यात पूजा असते, भागीदार येतात, अकोल्याचा दुकानदारही येणार होता. मामा म्हणाले, त्याच दिवशी तीन वाजता सगळ्यांसमोर ऐकू आणि मग मास्तर सांगेल.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा झाली. जिनिंगच्या यंत्रांना हळदकुंकू, तेलाच्या डब्याला हळदकुंकू, वजनकाट्याला झेंडूची माळ. पूजा सांगणारे गुरुजी गोदामातही आले. सिनेमाच्या यंत्राला, मोठ्या मशीनला, हिरव्या पेटीलासुद्धा कुंकू लावलं. मिस्त्रीच्या पेटीपाशी त्यांचा हात थांबला. “ही त्या मिस्तरीची हाये ना?” ते म्हणाले. “राहू द्या. त्याले आवडन, नाही आवडन.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते पुढे गेले.

मिस्त्री दुपारी जेवायला घरी गेला. मी गोदामात एकटा होतो. सगळ्या यंत्रांच्या कपाळावर कुंकू होतं आणि ज्या पेटीनं मला तो श्वास ऐकवला तिचं कपाळ तेवढं कोरं. मला ते बघवेना. मी काही फार देवभोळा माणूस नाही. पण त्या चार दिवसांत मी झोपेतही पाणी हिंदकळताना ऐकत होतो. असं काही समोर असताना हात जोडायचे नाहीत तर मग कशापुढे जोडायचे?

पूजेचं तबक तिथेच होतं. मी कुंकवात पाण्याचे थेंब टाकून ते कालवलं. लावायचं कुठे? मिस्त्रीचा शब्द माझ्या कानात होता, देहलीज. म्हणजे उंबरा. उंबऱ्याला कुंकू लावतात हे आमच्याकडे लहान पोरीलाही कळतं. मी त्याला मागे एकदा विचारलं होतं की या पेटीत आवाज नक्की जातो कुठून, तेव्हा त्यानं उघड्या झाकणातून आतली एक गोल डबी दाखवली होती. आवाज कमीजास्त करायच्या बटणाची ती आतली बाजू. “सारा याच्यातूनच जाते,” तो म्हणाला होता. मी बोट आत घातलं आणि त्या डबीवर कुंकवाची दोन बोटं ओढली, जशी आई दाराच्या चौकटीवर ओढायची. कुंकू जरा पातळ झालं होतं. एक थेंब डबीच्या फटीपाशी ओघळला. मी बघितला. वाटलं, वाळेल.

तीन वाजता माणसं जमली. भागीदार, दोन आडते, अकोल्याचा दुकानदार टेरिलिनच्या सदऱ्यात. मिस्त्री धुतलेला पायजमा घालून आला होता. हिरवी पेटी वाजली, लोकांनी माना हलवल्या. मग मिस्त्री आपल्या पेटीपाशी आला, तबकडीवर सुई ठेवली आणि बटण फिरवलं.

खर्रर्र. जणू कुणी टिनावर वाळू ओतली. त्यानं बटण मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. खर्र, खर्र, खर्रर्र. गाणारीचा श्वास कुठेच नव्हता. मध्येच आवाज फटकन मोठा झाला आणि आडत्यानं कानावर हात ठेवले.

“मिस्तरी,” अकोल्याचा दुकानदार म्हणाला, “पिच्चर लावलं का पापड तळून राह्यले?”

गोदाम हसलं. मामाही हसले, आधी तोंडावर हात ठेवून आणि मग न ठेवता.

मी पेटीच्या बाजूला उभा होतो. उघड्या झाकणातून मला ती डबी दिसत होती. बटण फिरलं की आतली दांडी फिरत होती आणि तिच्याभोवती लाल रंगाचं ओलं कडं फिरत होतं. मला सगळं कळलं. कुंकू म्हणजे काय, हळद आणि चुना. दर वर्षी मी वर्गात हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकून पोरांना लाल रंग दाखवायचो. तो लाल रंग आता डबीच्या आत, जिथून सारा आवाज जात होता तिथे, चिखलासारखा बसला होता. मिस्त्री समोरून बटण धरून उभा होता, त्याला आतलं दिसत नव्हतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो मनात एकेक तार तपासत होता, मला ओठ हललेले दिसत होते.

एक वाक्य होतं. “थांबा, मी आत कुंकू लावलं.” एवढंच. मिस्त्रीनं पाच मिनिटांत डबी पुसली असती.

मी ते बोललो नाही. मामांना मी भ्यालो नाही, गुरुजींना नाही, कुणी दंगा करेल अशी भीती नाही. आता इतक्या वर्षांनी हे स्वच्छ सांगतो: विज्ञानाच्या मास्तरनं विजेच्या यंत्रात पाण्यात कालवलेलं कुंकू ओतलं, असं त्या टेरिलिनच्या सदऱ्यासमोर म्हणायची मला लाज वाटली. मला वाटलं पापडाचं हसणं माझ्याकडे वळेल.

मामा म्हणाले, “मास्तर, तू सांग बे. तुह्या कानाले काय वाटते?”

मी म्हणालो, “हिरवी घ्या.”

संध्याकाळी सोनं वाटायला मी मामांच्या ओसरीवर बसलो होतो. मिस्त्री आला. दर दसऱ्याला तो येत असे. त्यानं मामांना आपट्याची पानं दिली, मग माझ्या हातात ठेवली आणि माझा हात तसाच धरून म्हणाला, “मास्तर, माफ करा. माह्याच्यानं तुमची मान खाली गेली. तुम्ही चार दिवस माही तारीफ करून राह्यले होते.” मी त्याच्याकडून माफी घेतली. हो, घेतली. मान हलवली.

“उद्या येऊन खोलतो पेटी,” तो म्हणाला. “कुठं कसर राह्यली ते पाह्यतो.”

खोलली असती तर त्याला कुंकू दिसलं असतं. पहाटेच्या गाडीनं मी पिंपळगावला निघालो तेव्हा पेटी गोणपाटात माझ्या मांडीवर होती. मागे निरोप ठेवला की अकोल्याच्या माणसांनी आपल्या सामानाबरोबर तीही चुकून नेली. मिस्त्रीनं चौकशीसुद्धा केली नाही असं मामा नंतर म्हणाले. नुसतं म्हणाला, जाऊ द्या.

टॉकीज चाललं. हिरव्या पेटीत लोक हसले, रडले. घागर कुणी ऐकली नाही आणि आपण काय ऐकलं नाही हे कुणाला कळलं नाही. पण तो विनोद राहिला. नांदुऱ्याच्या बाजारात कुठे भोंगा खरखरला की लोक म्हणायचे, मिस्तरीचे पापड. त्याच्या दुकानात रेडिओ घेऊन येणारा म्हणे, पापड नको तळू बे. वर्षभरात त्यानं दुकान बंद केलं आणि तो रोहिणखेडला परत गेला.

मी लग्न केलं, मुख्याध्यापक झालो, भजनात पेटी वाजवणं सोडलं. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणायचो.

गेल्या वर्षी शाळेच्या झेंडावंदनाला भोंगा आणला. तो खरखरायला लागला. आमच्याकडे खामगावहून नवीनच आलेले एक शिक्षक आहेत, पंचविशीचे. ते हसून म्हणाले, “सर, मिस्तरीचे पापड तळून राह्यला हा.”

मी विचारलं, “कोन मिस्तरी?”

“काय माहीत. असंच म्हणतात ना!”

ते पोर तिसरी-चौथीत असेल तेव्हा माझ्या बोटानं ते केलं होतं. माणूस विसरला गेला होता, नाव विसरलं गेलं होतं, आणि पापड शिल्लक होते.

त्या रविवारी मी माळ्यावरून पेटी उतरवली. मोताळ्याला गाडी बदलून रोहिणखेडला गेलो. मिस्त्रीचं दुकान जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दाढी पांढरी, नाकावर जाड चष्मा, समोर एक स्टो उघडलेला. मला त्यानं लगेच ओळखलं. “या मास्तर! बसा.” मग गोणपाट सुटलं आणि त्यानं साग ओळखला. चष्मा वर केला, पेटीवर तळवा ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात.

“कुठं भेटली?”

“माझ्या घरी होती.”

मी सांगत गेलो. तबक, उंबरा, दोन बोटं, गोणपाट, निरोप.  बाहेरून एकजण आला, “चाचा, स्टो झाला का?” म्हणाला. मिस्त्रीनं त्याला हातानंच परत पाठवलं.

मी थांबल्यावर तो म्हणाला, “सोळा वर्सं, मास्तर. त्या दिवसापासून मी आवाजाच्या पेटीले हात नाही लावला. मले वाटलं, मनगटात कसर आली. रातीतून उठून बोटं पाहो. स्टोचा पिन लावतानी पन दोनदा तपासतो, अजूनही. बायको म्हणे, तुमाले शक कायचा येते?” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तवा एक बोट वर केलं असतं तुम्ही. बोलाचं पन काम नव्हतं.”

मी म्हणालो, “चुकलं माझं.”

“हाव. चुकलंच,” तो म्हणाला. मला माफ केलं नाही. करायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही.

मग त्यानं झाकण उघडलं. डबीवर दोन बोटं होती, वाळून काळपट लाल. स्क्रू काढून त्यानं डबी खोलली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतून फिरवला. बोळा लाल निघाला. दुसरा गुलाबी, तिसरा पांढरा. डबीच्या बाहेरची बोटं तेवढी त्यानं पुसली नाहीत. मी म्हणालो, तेही पुसा.

“ते राहू द्या,” तो म्हणाला. “ते चांगल्या दिलानं लावलं होतं. त्याच्यानंतरचं पुसा.”

“कसं?”

“जथी खरखरली तथीच वाजली पाह्यजे. अन् तथीच तुम्ही बोललं पाह्यजे.”

दोन आठवड्यांनी, सकाळी दहाला, आम्ही नांदुऱ्याच्या टॉकीजमध्ये होतो. मामा सत्तरीच्या पुढे गेले होते, काठी घेऊन पहिल्या बाकड्यावर बसले. भागीदारांपैकी एकच हयात होता, आडत्यांपैकी एक. अकोल्याचा दुकानदार वारला होता. सिनेमाचं यंत्र चालवणारा आणि दाराशी चहा विकणारा, असे आम्हा दोघांखेरीज पाचजण. ते तुटकं रीळ अजून होतं, तपासणीसाठी ठेवलेलं. त्यावर ओरखडे फार पडले होते.

मी उभा राहिलो आणि बोललो. अर्धं मिनिट लागलं असेल. मी मनात किती मोठं भाषण तयार केलं होतं! ते सगळं एवढंसंच निघालं.

आडत्या म्हणाला, “बाप्पा! म्हंजे पापड मास्तरचे व्हते?” आणि हसायला लागला. सोळा वर्षं मी ज्या हसण्याला भ्यालो ते हे. म्हाताऱ्याचं, दात नसलेलं हसणं. त्यात मला लागण्यासारखं काही नव्हतं.

मामा हसले नाहीत. “काऊन नाही बोलला बे तवा?” त्यांनी विचारलं. “मी काय मारलं असतं तुले?”

“माझ्या कानाची इज्जत जाईल वाटलं, मामा.”

मामांनी मिस्त्रीकडे पाहिलं. म्हातारा झाल्यावर त्यांना माणसाकडे नीट पाहायला वेळ लागत असे. “अन् याची गेली ते?” ते म्हणाले.

मिस्त्रीनं दारं लावायला सांगितली. अंधार झाला. त्यानं बटण धरलं आणि फिरवलं. खरखर आली नाही. पडद्यावर रेघोट्यांच्या पावसातून ती बाई रिकाम्या घरात आली. ओरखड्यांचा टकटक आवाज होत होता, पण त्याच्या मागे, खूप मागे, घागर जमिनीला टेकली.

पाणी हिंदकळलं. एकदा. दोनदा. चहावाला दाराशी ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्या मानेवरून तोच जुना काटा सरकत गेला. ती बाई केव्हाच म्हातारी झाली असेल किंवा नसेलही, ती घागर कुठल्या कुठे गेली असेल, आणि ते पाणी अजून पहिल्यांदाच थांबत होतं.

रीळ संपलं. पांढरा पडदा फडफडत राहिला. “बसव ही पेटी,” मामा अंधारात म्हणाले. “आजच बसव, मिस्तरी. त्या हिरवीले काढ.”

“नाही मालक,” मिस्त्री म्हणाला. तो तारा सोडवायला लागलाही होता. “बसवाची नव्हती आता. तुमाले ऐकवाची होती.”

त्यानं झाकण लावलं. मी गोणपाट पुढे केलं, तर तो नाही म्हणाला. पेटी तशीच, गोणपाटाशिवाय, काखेत धरून तो स्टेशनच्या रस्त्यानं एस.टी.कडे निघाला, जिथं एके काळी त्याचं दुकान होतं. चहावाला त्याच्या मागून धावत गेला आणि मला ऐकू आलं, तो विचारत होता, “मिस्तरी, तुमी बनवली ही? तुमी सोता?”

“हाव,” मिस्त्री म्हणाला. मग थांबून, पेटी दुसऱ्या काखेत घेऊन, जरा मोठ्यानं, बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “हाव, मीच बनवली.”